पाहुणा झोपल्यानंतर : हॉटेल-सुरक्षेच्या अभ्यासाची प्रस्तावना

१८६७ साली ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात सराई कायदा केला. सराई चालवणाऱ्याची कर्तव्ये त्याच्या सातव्या कलमात सांगितली आहेत. खोल्या, ओसऱ्या, गटारे, विहिरी स्वच्छ ठेवायच्या. दारे, भिंती आणि छपरे यांची डागडुजी करायची. कुणी सांसर्गिक रोगाने आजारी पडले किंवा दगावले तर ताबडतोब पोलीस ठाण्यात वर्दी द्यायची. दरपत्रक लावायचे. आणि मॅजिस्ट्रेटला जरूर वाटतील तितके पहारेकरी नेमायचे, सराईत उतरलेल्या माणसांच्या, जनावरांच्या आणि गाड्यांच्या रक्षणासाठी.

हॉटेल-सुरक्षा शिकवायची तर सुरुवात या कलमापासून करावी, असे मला वाटते. आज आपण आग एका खात्याकडे, चोरी दुसऱ्याकडे, पाणी आणि साथ तिसऱ्याकडे, इमारतीची बळकटी चौथ्याकडे सोपवून मोकळे झालो आहोत. त्या जुन्या कायद्यात हे सारे एकाच माणसाच्या गळ्यात होते आणि त्यात जागा राहणारा माणूस नावानिशी मागितलेला होता. परगावी उतरलेला प्रवासी रात्री दाराला कडी घालून आडवा होतो, तेव्हा आपले जागेपण तो दुसऱ्याच्या हवाली करतो. जिना कुठे आहे, शेजारच्या खोलीत कोण उतरले आहे, गिझर कधी दुरुस्त झाला, यातले त्याला काहीही ठाऊक नसते. घरी हे सारे न विचारता माहीत असते. खोलीचे भाडे घेणारा या अज्ञानाची जबाबदारीही घेतो, मग पावतीवर तसे लिहिलेले असो वा नसो. पाहुणा झोपल्यानंतर त्याच्या वतीने जागे कोण आहे आणि त्या जाग्या माणसाला काय येते, हा या अभ्यासक्षेत्राचा गाभा आहे. पुढची सगळी प्रकरणे मी या प्रश्नाच्या अंगाने वाचावीत असे सुचवीन.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांचे मनापासून स्वागत आहे. हॉटेल मॅनेजमेंटच्या विद्यार्थ्यांना हा विषय बहुधा फ्रंट ऑफिस आणि हाउसकीपिंग यांच्या पुस्तकांत एखाद्या धड्यापुरता भेटतो. परीक्षेत ‘आगीचे प्रकार सांगा’ असा प्रश्न येतो आणि विषय तिथेच संपतो. प्रत्यक्षात इथे वास्तुशास्त्र, कायदा, मानसशास्त्र, सार्वजनिक आरोग्य, संगणक आणि कामगारांचे जगणे अशा कितीतरी वाटा एकत्र येतात. ज्याला यातली एक वाट चांगली येते त्याला इथे काम आहे, आणि बरेचसे काम अजून कुणी हातात घेतलेले नाही.

कायद्यापासून निघू. १५८४ साली इंग्लंडमध्ये ‘कॅली’चा खटला म्हणून ओळखला जाणारा निवाडा झाला. खाणावळीत उतरलेल्या पाहुण्याने आपला घोडा कुरणात चरायला सोडण्यास सांगितले आणि तो चोरीला गेला. न्यायालयाने या घोड्याची भरपाई नाकारली, कारण तो पाहुण्याच्याच इच्छेने खाणावळीबाहेर गेला होता. पण त्याचबरोबर नियम घालून दिला की खाणावळीच्या चार भिंतींच्या आत आलेल्या पाहुण्याच्या चीजवस्तूला मालक जबाबदार. घोड्याची जागा मोटारीने घेतली तरी प्रश्न तोच राहिला. १ ऑगस्ट १९९८च्या रात्री दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात एका पाहुण्याने मारुती झेनची चावी व्हॅलेच्या हाती दिली. बाहेर आला तेव्हा गाडी गेलेली होती. पार्किंगच्या चिठ्ठीवर ‘मालकाच्या जोखमीवर’ असे छापलेले होते. हा वाद एकवीस वर्षे चालला आणि १४ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: चावी ताब्यात घेतली म्हणजे गाडीही ताब्यात घेतली. ती का परत देता आली नाही हे आधी हॉटेलने सांगायचे, आणि आपल्या किंवा नोकरांच्या हयगयीवर छापील वाक्याचे पांघरूण घालता येणार नाही. महाराष्ट्रातल्या असंख्य लॉजच्या काउंटरमागे ‘मौल्यवान वस्तूंची जबाबदारी व्यवस्थापनावर नाही’ अशी पाटी आहे. ती लावणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल एकदा वाचायला हवा.

वस्तूंचा कायदा चारशे वर्षे घडत गेला. माणसांच्या जिवाचे नियम मात्र बहुतेक वेळा प्रेते मोजून झाल्यावर आले, आणि त्यातले सर्वाधिक आगीने आणले.

अमेरिकेतल्या अटलांटा शहरातले वाइनकॉफ हॉटेल पंधरा मजल्यांचे होते. आपल्या छापील कागदांवर ते स्वतःला अग्निरोधक म्हणवत असे. ७ डिसेंबर १९४६च्या पहाटे तिथे आग लागली आणि ११९ माणसे मेली. इमारतीचा सांगाडा जळला नाही, तो आजही उभा आहे. त्या अर्थाने जाहिरात खरी होती. पण वरपासून खालपर्यंत एकच जिना होता, तोही उघडा, आणि आग व धूर त्याच वाटेने वर चढले. खोल्यांच्या दारांवरची हवेसाठी ठेवलेली झडपे उघडी होती, त्यांतून धूर आत शिरला. बाहेरच्या बाजूने उतरायला लोखंडी जिना नव्हता. इमारत वाचली आणि माणसे गेली, हा फरक समजला की या विषयाचा निम्मा पाया समजला.

उरलेला निम्मा लास व्हेगासच्या एमजीएम ग्रँडमध्ये समजतो. २१ नोव्हेंबर १९८०च्या सकाळी तळमजल्यावरच्या उपाहारगृहात विजेच्या बिघाडातून आग लागली आणि कॅसिनोत पसरली. ज्वाला तिथेच थांबल्या. धूर मात्र लिफ्टच्या पोकळीतून, जिन्यांतून, इमारतीच्या सांध्यांतून सव्वीसाव्या मजल्यापर्यंत गेला. मेलेल्या ८५ जणांपैकी बहुसंख्य वरच्या मजल्यांवर, ज्वालांपासून खूप दूर, धुराने गुदमरून गेले. काही जण जिन्यात सापडले. जिन्याची दारे अशी होती की आत शिरले की पाठीमागे कुलूप पडे. खाली धूर दाटलेला दिसला म्हणून परत मजल्यावर जावे म्हटले तर दार उघडत नव्हते. जिन्यातून कुणी परका मजल्यांवर शिरू नये हा अशा दारांचा उद्देश असतो.

इथे थोडे थांबायला हवे, कारण या अभ्यासातला सर्वात अवघड पेच या दाराशी आहे. अपघातापासून रक्षण म्हणजे वाटा मोकळ्या ठेवणे, आणि घातपातापासून रक्षण म्हणजे वाटा बंद करणे. चोर, घुसखोर, पैसे न देता मागच्या जिन्याने पसार होणारा पाहुणा यांच्यासाठी कुलूप लावले जाते, आणि आगीच्या वेळी तेच जीव घेते. यावर तोडगे आहेत. आतून छातीने ढकलले की उघडणारा आडवा दांडा, उघडताच काउंटरवर वाजणारी घंटा, आगीची सूचना मिळताच आपोआप सुटणारे चुंबकी कुलूप. पण ते महाग पडतात, म्हणून लहान लॉजमध्ये साखळी आणि टाळे येते आणि चावी मॅनेजरच्या खिशात राहते. सुरक्षेच्या नावाखाली केलेली व्यवस्था कुणाला कुणापासून वाचवते आहे, हे दर वेळी तपासून पाहण्याची सवय विद्यार्थ्याने इथेच लावून घ्यावी.

आपल्याकडचे दाखले जुने नाहीत. १२ फेब्रुवारी २०१९च्या पहाटे दिल्लीच्या करोल बागेतल्या अर्पित पॅलेस हॉटेलात १७ माणसे मेली. कॉरिडॉरमधल्या लाकडी पॅनेलिंगने आगीला वाट करून दिली. २९ एप्रिल २०२५ रोजी कोलकात्याच्या बडाबाजार भागातल्या ऋतुराज हॉटेलात १४ जण गेले, बहुतेक गुदमरून. त्याच वर्षी जानेवारीत तुर्कस्तानातल्या बोलू इथे बर्फाच्या सुट्टीसाठी आलेल्या पाहुण्यांच्या हॉटेलात ७८ मेले, त्यांत मुले पुष्कळ. प्रत्येक वेळी वर्तमानपत्रांत ‘आगीत होरपळून’ असा मथळा येतो. तो बदलायला हवा, कारण वाचणारा मग ज्वालांना भितो आणि धुराला भीत नाही. ओला टॉवेल दाराच्या फटीला लावणे, खोलीबाहेर पडताना दार मागे ओढून घेणे, जमिनीलगत राहून सरकणे या साध्या गोष्टी धूर डोळ्यांसमोर असेल तरच सुचतात.

माणूस अशा वेळी कसा वागतो यावरही अभ्यास झाला आहे. आइल ऑफ मॅनवरच्या समरलँड या करमणूक-केंद्राला १९७३ साली लागलेल्या आगीत ५० जण मेले. वाचलेल्यांनी कुठली वाट धरली याचा अभ्यास ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जोनाथन साइम यांनी केला. त्यांना दिसले की लोक जवळच्या दाराकडे जात नाहीत. ओळखीच्या दाराकडे जातात, आणि त्याआधी आपली माणसे शोधतात. आता हे हॉटेलला लावून पाहा. पाहुणा लिफ्टने वर आलेला असतो. त्याच्या ओळखीची वाट ती एकच, आणि आगीत नेमकी तीच वापरायची नसते. जिन्याचे दार त्याने एकदाही उघडलेले नसते. खोली दाखवायला येणाऱ्या रूमबॉयने एसीचा रिमोट आणि गरम पाण्याचा नळ दाखवतानाच ‘जिना इकडे’ म्हणून चार पावले नेऊन आणले, तर साइम यांच्या संशोधनाचा सारा उपयोग झाला. यापेक्षा स्वस्त उपाय मला माहीत नाही.

मध्यम दर्जाच्या हॉटेलातली एक रात्र जवळून पाहू. काउंटरच्या बाजूच्या भिंतीवर फायर पॅनेल आहे. त्यावर एक पिवळा दिवा लुकलुकतो आहे, बझर ‘सायलेंट’वर आहे. कारण सहाव्या मजल्यावरच्या एका खोलीतला डिटेक्टर गरम पाण्याच्या वाफेनेही वाजतो, पाहुणे तक्रार करतात, आणि तो बदलण्याचे बिल मंजूर व्हायचे आहे. तिसऱ्या मजल्यावर जिन्याचे दार सताड उघडे आहे, कारण ते आपोआप मिटले की हाउसकीपिंगची ट्रॉली अडते. म्हणून आग विझवण्याचे लाल सिलिंडरच त्याला टेकण म्हणून लावले आहे. जिन्याच्या चौथऱ्यावर जादा गाद्या रचलेल्या आहेत. रात्रपाळीला काउंटरवर एक मुलगा, खाली एक वॉचमन आणि पॅन्ट्रीत झोपलेला एक रूमबॉय. यातल्या कुणाचाही हेतू वाईट नाही. प्रत्येक गोष्टीला दिवसाच्या कामातले एक समजण्यासारखे कारण आहे. पण पहाटे तीनला पॅनेलवर दुसरा दिवा लागला, तर काउंटरवरचा मुलगा तो आधीच्याच बिघाडात जमा करील आणि पहिली काही मिनिटे तिथे जातील. आगीच्या चौकशी-अहवालांत ही मिनिटे पुन्हा पुन्हा भेटतात. म्हणून या विषयाचा विद्यार्थी उपकरणांची यादी पाठ करण्याआधी उपकरण आणि माणूस यांच्यामधले हे रोजचे तडजोडीचे जग नीट पाहील, अशी माझी अपेक्षा आहे.

मुंबईवरच्या २६ नोव्हेंबर २००८च्या दहशतवादी हल्ल्याबद्दल लिहिल्याशिवाय मराठीत ही प्रस्तावना पुरी होऊ शकत नाही. त्या हल्ल्यात १६६ जणांचा बळी गेला. त्यांपैकी ३१ मृत्यू मुंबईच्या ताज हॉटेलात झाले. हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये २०११ साली रोहित देशपांडे आणि अंजली रैना यांनी ताजच्या कर्मचाऱ्यांवर लेख लिहिला. त्यांच्या म्हणण्यानुसार या मृतांत सुमारे अकरा हॉटेलचे कर्मचारी होते, आणि बाराशे ते पंधराशे पाहुणे बाहेर पडावेत म्हणून ते झटत होते. टेलिफोन ऑपरेटर आपल्या जागी राहिले आणि खोल्याखोल्यांत फोन करून दार लावा, दिवे घालवा असे सांगत राहिले. हिंदुस्थान युनिलिव्हरच्या मेजवानीची जबाबदारी असलेल्या चोवीस वर्षांच्या मल्लिका जगद यांनी दालनाची दारे बंद करून घेतली, दिवे मालवले, पाहुण्यांना टेबलांखाली शांत राहायला सांगितले आणि रात्रभर पाणी विचारत फिरत राहिल्या. सकाळी अग्निशामक दलाच्या शिड्यांवरून सगळे उतरले. स्वयंपाकघरातल्या माणसांनी पाहुण्यांना मागच्या वाटांनी नेले आणि त्यांच्यातल्या काहींनी गोळ्या झेलल्या.

या रात्रीतून आपण काय घेतले? फाटकावरची कमान, गाडीखाली फिरवायचा आरसा, बॅगा तपासण्याचे यंत्र. त्यांची गरज होती आणि आहे. इस्लामाबादचे मॅरियट त्याच वर्षी सप्टेंबरात ट्रकमधल्या स्फोटकांनी उद्ध्वस्त झाले होते. जकार्ता, अम्मान आणि पुढे २०१९च्या ईस्टरला कोलंबो, सगळीकडे हॉटेले लक्ष्य झाली. पण ताजमध्ये जे वाचले त्यांना वाचवण्यात इमारतीच्या पोटातल्या वाटा ओळखणाऱ्या आणि पाहुण्याला सोडून न जाणाऱ्या माणसांचा वाटा फार मोठा होता. देशपांडे आणि रैना त्याचे मूळ भरती आणि प्रशिक्षणात शोधतात: लहान शहरांतून, स्वभाव पाहून निवडलेली मुले आणि त्यांच्यावर दीड वर्ष घेतलेली मेहनत. आपण यंत्रे विकत घेतली, कारण ती पावतीवर दिसतात. माणसे घडवण्याचे काम बहुतांश हॉटेलांत मागे पडले, हे माझे स्पष्ट मत आहे.

आणि इथे तोच दाराचा पेच उलटा होऊन समोर येतो. गोळीबार चालू असताना दार लावून, दिवे मालवून आत राहणे हा जीव वाचवण्याचा मार्ग होता. त्याच रात्री त्याच इमारतीत आगही लागली होती. आत राहायचे की बाहेर पडायचे, हा निर्णय कर्मचाऱ्यांना घोषणेवाचून, तुकड्यातुकड्यांच्या माहितीवर घ्यावा लागला. दोन्ही संकटे एकत्र आली तर काय करायचे याचा सराव आजही फार थोडी हॉटेले करतात. बहुतेक मॉक ड्रिल एका वेळी एकाच संकटाची असतात आणि दिवसाढवळ्या, पाहुणे बाहेर गेलेले असताना उरकली जातात.

मोठ्या घटनांकडून खोलीच्या दाराकडे येऊ. गायिका कॉनी फ्रान्सिस यांच्यावर १९७४ साली न्यूयॉर्कजवळच्या एका मॉटेलात, खोलीत शिरून हल्ला झाला. सरकते काचेचे दार लावलेले दिसत होते, पण बाहेरून सहज उघडता येत होते. १९७६ साली ज्युरीने त्यांना २५ लाख डॉलरची भरपाई दिली आणि खोलीचे कुलूप हा हॉटेलांच्या संचालक मंडळांपुढचा विषय झाला. त्याच दशकात नॉर्वेच्या टोर सोर्नेस यांनी छिद्रे पाडलेल्या प्लॅस्टिकच्या कार्डावर चालणारे कुलूप बनवले. त्याचा संकेत प्रत्येक नव्या पाहुण्यासाठी बदलता येत असे. आज आपण वापरतो ती कार्डे याच वाटेने आली. पण कुलूप संगणक झाले की संगणकाची दुखणीही येतात. २०१२ साली एका संशोधकाने दाखवले की एका प्रचलित बनावटीचे कुलूप खालच्या छोट्या छिद्रात एक स्वस्त उपकरण खुपसून उघडता येते. मार्च २०२४मध्ये आणखी एका बनावटीतला दोष जाहीर झाला, जो जगभरच्या सुमारे ३० लाख दारांना लागू होता.

तरीही आतल्या अंगाला असलेली साधी कडी, साखळी आणि हॉटेलवाले ज्याला ‘मॅजिक आय’ म्हणतात ते भिंग यांचे महत्त्व कमी झालेले नाही. मात्र भिंगाचीही काळजी घ्यावी लागते. अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध क्रीडा-वार्ताहर महिलेचे २००८ साली नॅशव्हिलच्या हॉटेलात दाराच्या भिंगातून गुपचूप चित्रण झाले. चित्रण करणाऱ्याने तिच्या शेजारची खोली मागितली होती आणि ती त्याला मिळाली होती. २०१६ साली ज्युरीने साडेपाच कोटी डॉलरची भरपाई ठरवली आणि तिचा जवळजवळ निम्मा भार हॉटेलच्या मालक व चालकांवर टाकला. फ्रंट ऑफिसच्या पहिल्याच आठवड्यात शिकवतात की पाहुण्याच्या खोलीचा क्रमांक मोठ्याने उच्चारायचा नाही, लिहून पुढे सरकवायचा, आणि कुणी विचारले तर खोली न सांगता फोन जोडून द्यायचा. हा शिष्टाचार नाही, हे रक्षण आहे. एकटीने प्रवास करणाऱ्या प्रत्येक बाईला त्याचे मोल कळते. आपल्या लॉजच्या काउंटरवर ‘दोनशे चारच्या मॅडम’ असा पुकारा होतो, तेव्हा लॉबीत बसलेल्या प्रत्येकाला तिचा पत्ता मिळालेला असतो.

हवा आणि पाणी यांच्याकडे या क्षेत्राचे लक्ष फार उशिरा गेले. १९७६च्या जुलैत फिलाडेल्फियाच्या बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात माजी सैनिकांचे अधिवेशन झाले आणि परतलेले लोक न्यूमोनियासारख्या तापाने आजारी पडू लागले. २२१ जणांना बाधा झाली, ३४ दगावले. सहा महिन्यांनी जंतू सापडला. तो कोमट, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि बारीक तुषारांतून फुप्फुसात जातो. वातानुकूलनाचे कूलिंग टॉवर, वापरात नसलेल्या खोल्यांचे शॉवर, अर्धवट तापलेल्या टाक्या ही त्याची घरे. २००३ साली हाँगकाँगच्या मेट्रोपोल हॉटेलात नवव्या मजल्यावर उतरलेल्या एका आजारी डॉक्टरपासून सार्सची लागण इतर पाहुण्यांना झाली आणि त्यांच्याबरोबर ती व्हिएतनाम, सिंगापूर, कॅनडात पोहोचली. सराई कायद्यातली आजाराची वर्दी देण्याची अट किती दूरवरचे पाहणारी होती ते इथे दिसते.

पण आपल्या वाचकाने सर्वात आधी लक्ष द्यावे ते कार्बन मोनॉक्साइडकडे. जानेवारी २०२०मध्ये नेपाळमधल्या दामन इथे एका रिसॉर्टच्या खोलीत केरळचे आठ पर्यटक, त्यांत चार मुले, बेशुद्धावस्थेत सापडले आणि आठही जण दगावले. थंडीसाठी गॅस हीटर लावला होता आणि दारे-खिडक्या आतून बंद होत्या. या वायूला वास नाही, रंग नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा पटकावतो आणि माणसाला झोप येते. महाबळेश्वर-पाचगणीपासून कोकणातल्या घरगुती निवास-न्याहारीपर्यंत किती ठिकाणी बंदिस्त न्हाणीघरात गॅस गिझर बसवलेले आहेत, ते आठवून पाहा. गिझर बाहेरच्या भिंतीवर हलवणे आणि न्हाणीघराला वर-खाली हवेच्या झडपा ठेवणे हे एखाद्या गवंड्याचे एका दिवसाचे काम आहे.

कागदपत्रांची सुरक्षा हा तुलनेने नवा विभाग आहे. स्टारवुड साखळीच्या आरक्षण-संगणकात २०१४पासून घुसखोरी चालू होती आणि ती मॅरियटने नोव्हेंबर २०१८मध्ये जाहीर केली. लक्षावधी पारपत्र-क्रमांक उघड्या स्वरूपात साठवलेले निघाले. ब्रिटनच्या माहिती आयुक्तालयाने १ कोटी ८४ लाख पौंडांचा दंड केला. आपल्याकडे धोका याहून साधा आहे. काउंटरवर आधारची झेरॉक्स घेतात आणि ती कुठल्या तरी कप्प्यात वर्षानुवर्षे पडून राहते. ओळख तपासणे पोलिसांच्या दृष्टीने आवश्यकच आहे, परदेशी पाहुण्याची नोंद तर चोवीस तासांत कळवावी लागते. पण तपासणे आणि साठवणे ही दोन वेगळी कामे आहेत. साठवलेले कधी आणि कसे नष्ट करायचे याचा नियम काउंटरवरच्या मुलाला माहीत असला पाहिजे.

आता महाराष्ट्राच्या कायद्याबद्दल. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ इथे लागू आहे. त्यानुसार इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने परवानाधारक संस्थेकडून आगरोधक यंत्रणा तपासून घ्यायची आणि ती चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र, म्हणजे नमुना ‘ब’, दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यायचे. तरतूद चांगली आहे. तिची कच्ची बाजू अशी की तपासणारी संस्था मालक नेमतो आणि तिचे पैसेही तोच देतो. कायदा असूनही अंमल ढिला पडला की काय होते हे टोकियोच्या हॉटेल न्यू जपानने दाखवले. अग्निशमन विभागाने वारंवार बजावूनही मालकाने स्प्रिंकलर बसवले नाहीत, आणि ८ फेब्रुवारी १९८२च्या पहाटे ३३ माणसे मेली. मालकाला शिक्षा झाली, पण नंतर.

अमेरिकेने दुसरी एक युक्ती केली, तिचा आपण जरूर अभ्यास करावा. पोर्तो रिकोच्या ड्यूपाँट प्लाझा हॉटेलातल्या १९८६च्या भीषण आगीनंतर तिथे १९९० साली कायदा आला. त्याचा रोख असा की सरकारी कामासाठी प्रवास करणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यांनी खोल्यांत धूर-सूचक यंत्र आणि तीन मजल्यांहून उंच इमारतीत स्प्रिंकलर असलेल्या हॉटेलातच उतरावे. सरकार हे मोठे गिऱ्हाईक असल्याने तपासनीस जे करू शकला नसता ते गिऱ्हाइकीने केले.

या क्षेत्रात मराठीतून करण्यासारखे काम डोंगराएवढे आहे. शिर्डी, पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट इथले भक्तनिवास आणि लॉज एका खोलीत किती माणसे झोपवतात आणि गर्दीच्या दिवशी जिन्यांत किती जण पथारी टाकतात, याची शिस्तशीर नोंद कुणी करील का? खोलीच्या दारामागे लावलेला सुटकेचा नकाशा इंग्रजीत असतो. तो वारीला आलेल्या आजीला आणि ओडिशा किंवा नेपाळमधून आलेल्या रूमबॉयला वाचता येईल असा, चित्रांचा, कोण तयार करील? कंत्राटदाराकडून आलेला, बारा तास उभा राहणारा, महिन्या-दोन महिन्यांनी बदलणारा रात्रीचा गार्ड त्या इमारतीला कधी ओळखू लागतो? हे शेवटचे संशोधन मला सर्वात तातडीचे वाटते, कारण गार्ड इमारतीला परका असेल तर पाहुण्याबरोबर तोही परकाच राहतो आणि जागा माणूस असून नसल्यासारखा होतो. पुण्या-मुंबईच्या हॉटेल मॅनेजमेंट महाविद्यालयांनी आपल्या विद्यार्थ्यांना प्रशिक्षणाच्या काळात एक महिना केवळ रात्रपाळीचे निरीक्षण करायला लावले, तरी दोन-चार वर्षांत आपल्या हाती स्वतःची माहिती येईल.

तोवर एक गोष्ट कुणीही करू शकतो. दिवाळीनंतर शाळांच्या सहली निघतात. एका लॉजमध्ये चाळीस-पन्नास मुले उतरतात आणि ठिकाण बहुधा एक शिक्षक फोनवर ठरवतो. त्या शिक्षकांना माझी विनंती आहे: दर विचारण्याआधी चालू सहामाहीचा नमुना ‘ब’ व्हॉट्सॲपवर मागवा, गिझर कुठे बसवला आहे ते विचारा, आणि पोहोचल्यावर सामान खोलीत टाकण्यापूर्वी मुलांना जिन्याने एकदा खाली उतरवून आणा. जो लॉजमालक कागद पाठवायला टाळाटाळ करील, त्याच्याकडे मुले नेऊ नका.